अर्ध्या शटरखालून आलेले पाहुणे

टिपणिसांच्या घरात बैठक ठरली की प्रत्येक बाजू आपला एखादा वजनदार माणूस बरोबर आणते, ही त्या घराची जुनी खोड. डोंबिवलीचा फ्लॅट घेताना पेणचे मामा येऊन बसले होते. क्षिप्राने नोकरी सोडली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते आणि वाटीमागून वाटी श्रीखंड संपवून "मुलीला वाटेल ते करू द्या" एवढंच बोलून गेले होते. कुणी कुणाला आणलं हे विचारायचं नसतं. ज्याचा माणूस असेल त्याच्या बाजूने तो थोड्या वेळाने बोलायला लागतोच.

म्हणून नवरात्रातल्या चौथ्या माळेला, भर दुपारी, शुभदाने ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या आपल्या कॉफीच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं तेव्हा घरच्यांपेक्षा दोन-तीन खुर्च्या जास्तच मांडल्या. तिने स्वतः कुणालाही बोलावलं नव्हतं. साठी उलटलेल्या बाईचं वजन तिचं तिलाच पेलता आलं पाहिजे, असं तिचं मत होतं.

प्रश्न साधा होता, आणि म्हणूनच अवघड. तिच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. दिवाळीपासून दुकान लेकीच्या, क्षिप्राच्या, हातात द्यायचं असं मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. पण नानांनी, म्हणजे शुभदाच्या सासऱ्यांनी, गाळा थोरल्या मुलाच्या नावावर केलेला. तो थोरला म्हणजे प्रभाकर, सगळ्यांचे अण्णा. चालवला मात्र धाकट्याने, मधुकरने, आणि त्याच्याबरोबर शुभदाने. मधुकर जाऊन तीन वर्षं झाली. आता अण्णांनी नाही म्हटलं की विषय संपला, आणि गेल्या आठवड्यात फोनवर ते म्हणाले होते, "दुकान बंद करू, शुभदा. येतो, समोरासमोर बोलू."

अण्णा आणि शीलावहिनी डोंबिवलीहून वेळेवर आले. तीन वर्षांत अण्णांनी या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. आताही दारात ते जरा घुटमळले, मग घसा खाकरून शटरखालून वाकून आत आले आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसले. त्यांचा मुलगा सौमित्र घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या देत उशिरा उगवला.

"काकू, मानपाड्याला पाऊण तास उभा होतो. चालत आलो असतो तरी आधी पोचलो असतो."

"मग चालत यायचंस," क्षिप्रा काउंटरमागून म्हणाली. "पोट तरी कमी झालं असतं."

"तू सुरू नको होऊस हां. मी तुझ्याच फायद्याचं बोलायला आलोय."

"माझ्या फायद्याचं बोलायला जो येतो ना, त्याच्यापासून मी चार हात लांब उभी राहते."

शुभदाने लेकीकडे डोळे वटारून पाहिलं. पोरीची जीभ बापावर गेली होती, फक्त बापाचा गोडवा वाटेत कुठेतरी सांडला होता.

अण्णांनी नमनाला घडाभर तेल घालवलं नाही. आयुष्यभर कारखान्यात शिफ्टा लावलेला माणूस. "हे बघ शुभदा, तू दुकान चालवत नाहीस, घर चालवतेस. इथे येऊन माणूस दोन-दोन तास बसतो, एक कप कॉफी घेतो, आणि तू त्याला वर विचारतेस, आईचं ऑपरेशन कसं झालं? गिऱ्हाईक आणि पाहुणा यातला फरक तुला कधी कळलाच नाही. मधूलाही नव्हता कळला."

"कळला असता तर नानांनी त्याला घरातून काढला असता," शुभदा म्हणाली.

"नानांचा काळ वेगळा होता."

"पप्पा, कंप्लीट बंद नको," सौमित्र मध्ये पडला. "नाव चांगलं आहे ना आपलं. तिकडे टॉवरखाली जागा मिळतेय. सेल्फ-सर्व्हिस. टोकन घ्या, काउंटरवरून कप उचला, निघा. क्षिप्रा मॅनेज करेल."

"क्षिप्राला विचारलंस?" क्षिप्राने विचारलं.

"आता विचारतोय ना!"

"मग नाही."

शीलावहिनी पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्या कुणाच्या बाजूला आहेत हे शुभदाला लग्न झाल्यापासून कधी नक्की कळलेलं नव्हतं. डोंबिवलीला बिऱ्हाड हलवताना दोघी जावा पाट्या-वरवंट्यावरून भांडल्या होत्या आणि शेवटी पाटा एकीकडे अन् वरवंटा दुसरीकडे गेला होता. आजतागायत दोघीही मिक्सरवर वाटतात, पण आपापला दगड कुणी सोडलेला नाही.

तेवढ्यात शटर वाजलं. खालून आधी एक पिशवी आत आली, मग नारायणपेठी साडी नेसलेली एक बाई, आणि तिच्यामागून पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ, डोकं वाचवत, कमरेत वाकून.

"बसलं तर चालेल ना?" गृहस्थांनी विचारलं.

"चालेल म्हणजे काय!" अण्णा ताडकन उठले. "या, या. इकडे पंख्याखाली बसा." आणि स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे केली.

शुभदाने ते टिपलं. अण्णा स्वतःची खुर्ची देतात म्हणजे माणूस त्यांचा, आणि तोही जड. अर्ध्या शटरखालून वाकून येतो तो काही रस्त्यावरचा कुणी नसणार. कारखान्यातले साहेब असतील. ठीक आहे, तिने मनाशी म्हटलं, साहेब तर साहेब. तिने पाण्याचे दोन पेले भरले.

आता इथे नानांची शिस्त सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. माणूस बसला की आधी पाणी. मग कॉफी. कपात कॉफी आहे तोवर त्याला नाव, गाव, काम काही विचारायचं नाही आणि त्याला अवघडल्यासारखं होईल असं काही बोलायचं नाही. नाव विचारलं की माणूस हिशेबाने बसतो, असं नाना म्हणत. या नियमासाठी अण्णांनी लहानपणी नानांच्या हातचे धपाटे खाल्ले होते, सौमित्रने अण्णांच्या हातचे. टिपणिसांच्या अंगात तो नियम नाकासारखा वंशपरंपरेने आलेला होता. त्यामुळे आलेल्या जोडप्याला कुणी म्हणून कुणी "आपण कोण?" असं विचारलं नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत राहिला.

शुभदाने कॉफी ठेवली. दूध आटू दिलं, जायफळ किसलं.

"उपवास आहे का तुमचा?" शीलावहिनींनी त्या बाईंना विचारलं.

"नऊही दिवस," त्या म्हणाल्या. "पण कॉफी चालते हं."

"नुसत्या कॉफीवर? शुभदा, रताळी आहेत का गं?" आणि उत्तराची वाट न बघता शीलावहिनींनी पदर खोचला आणि त्या काउंटरमागे शिरल्या. इतक्या वर्षांनी या चुलीशी त्या उभ्या राहत होत्या, पण किसणी कुठल्या खिळ्याला असते ते त्यांना न बघता सापडलं.

"तुमच्याकडच्यांना मिरची चालेल ना?" त्यांनी हळूच शुभदाला विचारलं.

शुभदाला वाटलं, वहिनी चेष्टा करताहेत. "मला काय विचारता?" ती म्हणाली, आणि रताळी सोलायला लागली.

इकडे बैठक पुन्हा तापली. अण्णा आता पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत होते, आणि बोलता बोलता स्वतः बशी उचलून त्या गृहस्थांपुढे शंकरपाळे सरकवत होते. "घ्या ना. लाजताय काय? तर शुभदा, मी म्हणतो, मुलीने इथे उभं राहून जन्म काढायचा?"

"अण्णाकाका, मी इथे उभी राहून खूश आहे," क्षिप्रा म्हणाली. "ऑफिसात बसून रडत होते. तेव्हा कुणी बैठक नाही बोलावली."

"बोलावली होती," सौमित्र म्हणाला. "ते श्रीखंडवाले जज आलेले."

क्षिप्राला हसू आवरेना. सौमित्रही हसला, आणि हसता हसता पाहुण्यांचा पेला रिकामा दिसला म्हणून उठून पाणी घालून आला. सेल्फ-सर्व्हिसचं भूत तेवढ्यापुरतं त्याच्या खांद्यावरून उतरलं असावं.

कीस तयार झाला. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. शीलावहिनींनी दोन्ही बशा स्वतः नेऊन ठेवल्या. पहिला घास घेऊन त्या बाईंनी डोळेच मिटले. थोड्या वेळाने त्या हात धुवायला मोरीशी आल्या तेव्हा शुभदा तिथेच उभी होती.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे कॉफीबरोबर हे सगळं असतंच का? बाहेर फळ्यावर तर काही लिहिलेलं नाही. आम्ही खोपटच्या एसटी स्टँडला उतरलो, देवीच्या दर्शनाला निघालो. माझा पाय सुजला म्हणून हे म्हणाले, जरा टेकू कुठेतरी. आम्ही मुरबाडचे, इथलं काही माहीत नाही. महाग तर नाही ना पडणार?"

शुभदाच्या हातातला नॅपकिन हातातच राहिला.

हे अण्णांचे नव्हते. वहिनींचे नव्हते. सौमित्रचेही नव्हते. तिला एकदम इतकं हसू फुटलं की तिने नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. "महाग नाही पडणार," ती म्हणाली. "निवांत बसा. पाय वर घ्या हवं तर खुर्चीवर."

ती बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून. सांगावं का? पण कप अर्धे भरलेले होते. "तुम्ही आमचे कुणी नाही, चुकून घरात बसलात" असं आता म्हणायचं म्हणजे बिचाऱ्यांनी घास गिळायचा तरी कसा? संपू दे कॉफी. मग काय ते.

आणि नेमकं तेव्हाच अण्णांनी पाहुण्यांकडे मोर्चा वळवला.

"आता तुम्हीच सांगा. इतका वेळ ऐकताय. तिऱ्हाइताच्या नजरेने सांगा. काय करावं?"

सौमित्र सावरून बसला. क्षिप्राने काउंटरवरचा हात थांबवला. गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि रुमालाने ओठ टिपले.

"मी काय बोलणार? तुमच्या घरातलं आहे."

"बोला हो. तुमच्या शब्दाला वजन आहे," अण्णा म्हणाले. त्यांची खात्रीच होती की हा शुभदाच्या माहेरचा बडा माणूस आहे आणि आता तो तिची वकिली करणार. वकिली ऐकून घेऊन ती मोडून काढायची, असा त्यांचा बेत त्यांच्या भुवयांवर स्पष्ट दिसत होता.

"मग खरं सांगू का? बंद करून टाका."

सौमित्रने चमकून वडिलांकडे पाहिलं.

"आम्ही आल्यापासून ह्या ताई उभ्या आहेत," गृहस्थ शुभदाकडे हात करून म्हणाले. "लंगडतात, ते मला दिसतं. माझ्या हिचंही असंच झालं, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करता करता. माणसाने कधी थांबायचं ते कळलं पाहिजे. पोरगी शिकलेली आहे. तिला मोकळं करा."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी आश्चर्य, मग विजय. "ऐकलंस शुभदा? तुझा स्वतःचा माणूस म्हणतोय!"

शुभदाला सगळं एका क्षणात कळलं. कोण कुणाला काय समजून बसलंय, सगळं. एक वाक्य पुरलं असतं. अण्णा, हे माझे कुणी नाहीत, मुरबाडहून देवीला आलेत, ह्यांना आपलं काय ठाऊक? एवढं म्हटलं की त्या शब्दाचं वजन तिथल्या तिथे उतरलं असतं. क्षिप्रा तिच्याकडे बघत होती. बोल ना आई, असं तिचे डोळे ओरडून सांगत होते. तीस-बत्तीस वर्षं या चुलीपुढे काढली होती शुभदाने. मधुकर गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने हेच शटर वर केलं होतं, कारण घरात बसली असती तर वेडी झाली असती. हे सगळं आता एका वाक्यावर लोंबकळत होतं.

तिने गृहस्थांच्या कपाकडे पाहिलं. तळाशी दोन घोट होते.

"वर थोडी गरम घालू का?" तिने विचारलं.

"नको नको. पुरे झालं. फार छान आहे."

"आई!" क्षिप्रा म्हणाली.

"क्षिप्रा, ताईंना कीस आणखी हवा का विचार."

शीलावहिनी एकटक शुभदाकडे बघत होत्या. त्यांना काहीतरी संशय आला होता. अण्णांनी हात झटकले. "मग ठरलं तर. दिवाळीनंतर..."

"स्कॅनर कुठे आहे हो ताई?" गृहस्थांनी कप रिकामा करून बशीत ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला.

"स्कॅनर कशाला?" अण्णांनी विचारलं.

"पैसे द्यायचेत ना."

"अहो, पाहुण्यांनी कसले पैसे द्यायचे!"

"पाहुणे?" गृहस्थ गोंधळले. "आम्ही गिऱ्हाईक आहोत हो. विठ्ठल भोईर. मुरबाडचे."

अण्णांनी शुभदाकडे पाहिलं. "तुझ्या माहेरचे नाहीत?"

"नाही."

"सौमित्र?"

"मला वाटलं तुमच्या कंपनीतले."

"मलाही तेच वाटलं होतं," शुभदा म्हणाली, "तुम्ही खुर्ची दिलीत तेव्हा."

"मी खुर्ची दिली कारण मला वाटलं..." अण्णा थांबले. शीलावहिनींना आधी ठसका लागला, मग त्या हसायला लागल्या, आणि त्या हसायला लागल्या की थांबत नाहीत हे साऱ्या खानदानाला माहीत होतं. भोईर मात्र कानापर्यंत लाल झाले होते.

"अहो, आणि मी तुमच्या घरात नाक खुपसून 'बंद करा' म्हणालो! तुम्ही विचारलंत, मला वाटलं इथे तशी पद्धत असेल."

"मला पण वाटलं," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "कॉफी घेताना घरातलंही ऐकायचं. म्हटलं, ठाण्यात काय काय नवीन निघतं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला कुणी सांगितलं हो अक्कल पाजळायला? एवढं आयतं खाऊन वर बंद करा म्हणे! त्या ताई कधीपासून आपल्याकडे हसून बघताहेत."

"लक्ष्मी, अगं पण त्यांचे पाय..."

"पाय माझेही दुखतात. मी काय तुमचा चहा बंद केला?"

शुभदाने त्यांना स्कॅनर दाखवला. "दोन कॉफीचे द्या. कीस वहिनींनी केलाय, तो विकायचा नसतो." विठ्ठल भोईरांनी हात जोडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. सौमित्र त्यांची पिशवी उचलून देवीच्या रांगेपर्यंत पोचवायला गेला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर अण्णांनी तो रिकामा कप उचलून काउंटरवर शुभदापुढे ठेवला.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"त्या हात धुवायला आल्या तेव्हा."

"म्हणजे तो बंद करा म्हणाला, त्याच्या आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? तो तुझ्या मुळावर उठला होता. एका वाक्यात उडवला असतास त्याला."

"अण्णा," शुभदा म्हणाली, "त्यांच्या कपात कॉफी होती."

अण्णांनी चष्मा काढला. काचा पुसायला खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, मग चष्मा नुसताच हातात धरून बसले. "मधू असता तर लोळला असता हसून," ते म्हणाले. "तीन वर्षं मी इकडे आलो नाही, शुभदा. स्टेशनला उतरायचो आणि मागच्या गल्लीने जायचो. मला वाटायचं, हे दुकान बंद झालं की तो नाही हे एकदाचं संपेल."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मी सांगितलं तिला," शीलावहिनी म्हणाल्या. "दर महिन्याला फोन करते मी. तुम्हाला काय वाटलं, आमचं अजून भांडणच आहे?"

क्षिप्राने पुढे होऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला. शुभदाला फार भरून आलं होतं आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. आता निर्णय काहीही होवो, आपण आज चुकलो नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर ऊन कललं होतं आणि लाउडस्पीकरवर आरतीची तयारी सुरू झाली होती. घागरे घातलेल्या चार-पाच मुली खिदळत दाराशी आल्या आणि त्यातल्या एकीने वाकून आत डोकावलं.

"काकू, आज बंद आहे का?"

शुभदाने तोंड उघडायच्या आत अण्णा उठले. चष्मा लावला. सौमित्र तेवढ्यात घामाघूम होऊन परत येत होता, तो त्या मुलींच्या मागेच उभा राहिला.

"बंद कोण म्हणालं?" अण्णा म्हणाले. "या, बसा. सौमित्र, पाणी आण."